राखेत नसलेलं स्टेशन

१

सोमवारी सकाळी तपासणी अधिकारी बाई बंद गिरणीच्या फाटकाशी गाडीतून उतरल्या, तेव्हा त्यांना जे रेल्वे स्टेशन पाहायचं होतं ते आदल्या दुपारीच जळून गेलं होतं.

स्टेशन खरं नव्हतं. गिरणीच्या सगळ्यात मोठ्या शेडमध्ये सिनेमासाठी उभारलेला तो सेट होता. फलाट, तिकिटाची खिडकी, प्लॅस्टरचे उंच खांब, कोरीव कठड्याचा जिना आणि जिन्यावर भलंमोठं घड्याळ. गावातल्या सुतारांनी, रंगाऱ्यांनी, शिंप्यांनी अख्खा उन्हाळा खपून तो उभा केला होता. सरकारनं नवी योजना आणली होती: जो निर्माता सिनेमा इथेच काढेल आणि इथल्याच माणसांना काम देईल, त्याला करात सवलत. अट अशी, की सेट उभा असताना सरकारी माणसानं तो स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचा. योजनेतला हा पहिलाच सिनेमा. तो आपटला तर योजना गुंडाळायला वरच्या कार्यालयात काहीजण टपूनच बसले होते.

बाई पन्नाशीच्या. या नोकरीत येण्याआधी त्या आगीच्या विम्याचे दावे तपासत. जळक्या गोदामांतून दोरीला बांधलेलं चुंबक फिरवत चालायच्या, म्हणून तिथं त्यांचं नाव चुंबकबाई पडलं होतं. ते चुंबक अजून त्यांच्या पर्समध्ये असे, घराच्या किल्ल्या आणि खोकल्याच्या गोळ्यांच्या शेजारी.

"पाहायचं काय आता, बाई?" फौजदार म्हणाले. "वायरमनच्या हलगर्जीपणानं आग लागली. रविवारी युनिटला सुट्टी होती, निर्मात्यांनी सगळ्यांना नदीकाठी जेवायला नेलं होतं. हा एकटा सकाळी इथं आला होता. रात्रीपासून चौकीत बसवलाय."

"त्यानं कबूल केलं?"

"तो म्हणतो, मी बाहेरच्या मीटरच्या खोलीतच होतो, शेडचं दार उघडलंच नाही. असं सगळेच म्हणतात."

शेडच्या दाराशी एक बाई भिंतीला टेकून उभी होती. गळ्यात मापाची टेप तशीच राहिली होती. ती वायरमनची बायको, युनिटमध्ये कपडे शिवायला होती. ती पुढे आली आणि हळू आवाजात म्हणाली, "आमच्या घरात रात्री झोपताना तीनतीनदा स्विच तपासतात हो. मुलं हसतात त्यांना. सकाळपासून शेजारीणसुद्धा माझ्याशी बोललेली नाही."

बाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. मग पर्समधून चुंबक काढलं आणि त्या राखेत शिरल्या.

बराच वेळ त्या दोरी ओढत फिरल्या. पायाखाली काळा चिखल पचपचत होता. चुंबकाला खिळे चिकटले. बोटाच्या पेराएवढे बारीक, वाकडे, सगळे एकसारखे. बाकी काही नाही.

कलादिग्दर्शक दाराबाहेर दगडावर बसले होते. पूर्वी शाळेत चित्रकला शिकवायचे, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. त्यांच्या दोन्ही हातांना बँडेज होतं. आग दिसताच ते घड्याळ वाचवायला धावले होते आणि दारातच भाजले होते.

"मास्तर, सेट जोडला कशानं होता?" बाईंनी विचारलं.

मास्तर मान खाली घालून म्हणाले, "बोल्टांनी. अंगठ्याएवढ्या जाड. शेकड्यांनी."

२

"आणि हे तुम्ही कुणाला सांगितलं नव्हतं," बाई म्हणाल्या.

"निर्मात्यांना नाही सांगितलं. त्यांना खिळ्यांचा सेट हवा होता, शूटिंग संपलं की मोडून टाकायचा. मला ते बघवलं नसतं. बोल्ट लावले की तुकडे सुटे होतात. पुढे नाटकवाल्यांना देता येईल, असं मनात होतं." मास्तरांनी बँडेज बांधलेले हात मांडीवर ठेवले. "आता वाटतं, खिळेच ठोकले असते तर बरं."

फौजदारांनी बाईंना बाजूला घेतलं. "बघा. सेट सुटा होतो हे यालाच ठाऊक होतं. इथं पाणी मुरतंय."

"सुतारांनाही ठाऊक होतं. आणि सुतारांच्या कामावर रोज उभं राहणाऱ्याला."

तो माणूस म्हणजे निर्मितीचा व्यवस्थापक. गाडी हवी, जेवण हवं, पाऊस थांबायला हवा, काहीही मागा, त्याचं उत्तर ठरलेलं, "होऊन जाईल." म्हणून युनिटनं त्याचं नावच होऊनजाईल ठेवलं होतं. त्यानं बाईंसाठी खुर्ची, पंखा आणि चहा आधीच आणून ठेवला होता.

"मी तर कोसळलोच, बाई. बंब आले, पाणी मारलं, मी त्यांच्या मागोमाग आत. काय सांगू तुम्हाला, प्लॅस्टरच्या खांबांचा नुसता पांढरा रबडा झाला होता. पाय घसरत होते."

"तुम्ही स्वतः पाहिलं?"

"या डोळ्यांनी. बूट बघा, अजून धुतले नाहीत."

बाईंनी बूट पाहिले. चहाचा घोट घेतला आणि साखर जास्त झाल्याचं सांगितलं.

"गेल्या आठवड्यात शेड कुलपात होती म्हणे?"

"युनिट नदीवर शूटिंगला होतं ना. रंगाचा शेवटचा हात द्यायचा होता, मास्तरांनीच सांगितलं होतं बंद ठेवा. किल्ल्या दोन, एक त्यांच्याकडे, एक माझ्याकडे. माझी तर खिशातून हललेली नाही." त्यानं आवाज खाली आणला. "मी कुणाबद्दल वाईट बोलत नाही. पण निर्मात्यांचं आणि मास्तरांचं मोठं भांडण झालं होतं. साऱ्या युनिटनं ऐकलंय."

बाई परत मास्तरांकडे गेल्या. रंगाचं त्यांना काही माहीतच नव्हतं.

"मला होऊनजाईलनं सांगितलं, वाळवीचं औषध मारलंय, आठवडाभर आत जाऊ नका. किल्लीही त्यानं माझ्याकडून त्याच दिवशी मागून घेतली."

दोघांपैकी एक खोटं बोलत होता.

३

निर्माते हे दिग्दर्शिकेचे सख्खे मामा. भाचीचा पहिला सिनेमा काढायचा म्हणून त्यांनी आपला चालता छापखाना विकला होता. ते मेकअपच्या खोलीत आरशांपुढे बसले होते आणि आरशात बघत नव्हते.

"हो, मी मास्तरांवर ओरडलो होतो," ते म्हणाले. "खर्चावरून. ओरडणं हा माझा स्वभावच आहे. घरी बायकोला विचारा."

"आग विझल्यावर आत गेलात?"

"गेलो. काळं. दुसरं काय सांगू? पायाखाली काळं, हाताला काळं. मी इतकं काळं आयुष्यात पाहिलेलं नाही."

"पांढरं काही?"

"पांढरं?" मामांनी पहिल्यांदा मान वर केली. "नाही. का?"

भाची कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन बसली होती. रडून झालं होतं, आता ती नुसती जुनी दृश्यं पुन्हापुन्हा बघत होती. बाई तिच्या शेजारी जाऊन बसल्या.

पडद्यावर नायिका नव्या गणवेशात जिना चढत होती. पहिलीच बाई स्टेशनमास्तर, खाली सगळे कर्मचारी बघत उभे. वरच्या वळणाच्या जरा अलीकडे ती अडखळली, सावरली, आणि खाली हसू फुटलं.

"छान अडखळली," बाई म्हणाल्या.

"ती अभिनय करत नाहीये. तिथली एक पायरी मास्तरांनी मुद्दाम बाकीच्यांपेक्षा उंच केलीय. खोटं अडखळणं कॅमेऱ्याला कळतं." दिग्दर्शिकेला हसू आलं. "सुरुवातीला अख्खं युनिट तिथं आपटायचं. मामा तर चहासकट. मग पायांनाच सवय झाली. आता झोपेतसुद्धा वरच्या वळणाशी पाय आपोआप उंच उचलला जातो."

"जिना एकसंध होता?"

"दोन भागांत. खालचा आणि वरचा, दिसायला अगदी जुळ्या भावांसारखे."

तिनं लॅपटॉप मिटला. "सवलत गेली, सेट गेला. मामांना मी काय तोंड दाखवू?"

"अजून काही गेलेलं नाही, पोरी," बाई म्हणाल्या. "निदान माझी तरी तशी खात्री होत चाललीय."

४

फाटकावरचा वॉचमन म्हातारा होता आणि त्याला बोलायला कुणीतरी हवंच होतं.

"मागच्या आठवड्यात ट्रक येत होते का?" बाईंनी विचारलं.

"रोज दुपारी. ताडपत्री बांधलेले. होऊनजाईल साहेब म्हणाले, सेटचं नवीन लाकूड येतंय, तपासू नको, उघडू नको. पण बाई, माझी दुपारची झोप मोडायची. हे इथं फाटकात गिरणीचे जुने रूळ आहेत ना, त्यावरून आत येताना असा खडखडाट व्हायचा की भांडी पडल्यासारखं. मी ड्रायव्हरला चांगला झापला."

"मग?"

"मग सुधारला. जाताना गुपचूप जायचा. रूळ ओलांडले तरी आवाज नाही. सांगितलेलं ऐकणारी माणसं असतात अजून."

बाई रुळांकडे बघत उभ्या राहिल्या. मग त्यांनी फौजदारांना हाक मारली आणि शेजारच्या गोदामाचं कुलूप उघडायला लावलं.

"इथं काय होतं?"

"सुताच्या रिळांची खोकी," वॉचमन म्हणाला. "गिरणी बंद पडल्यापासून छपरापर्यंत रचलेली."

गोदाम रिकामं होतं. जमिनीवर धुळीत खोक्यांचे चौकोन तेवढे स्वच्छ उरले होते. भिंतीशी एकच फुटकं खोकं पडलं होतं. बाईंनी चुंबक त्याला लावलं. बारीक खिळा, बोटाच्या पेराएवढा.

"फौजदारसाहेब, रिकामा ट्रक रुळांवर खडखडतो. भरलेला बसून जातो, आवाज करत नाही. हे ट्रक येताना रिकामे होते आणि जाताना भरलेले. लाकूड आत आलं नाही, बाहेर गेलं. राखेत एक बोल्ट नाही, प्लॅस्टरचा चिमूटभर चुरा नाही. जळाली ती खोकी. स्टेशन इथं जळालंच नाही."

फौजदारांनी टोपी काढली. "मग ते आहे कुठे?"

"जिथं स्टेशनची गरज आहे तिथं. आणि नेलं कुणी, तेही सांगते. मामांनी आत जाऊन काळं पाहिलं आणि काळंच सांगितलं. होऊनजाईलनं मात्र पांढरा रबडा पाहिला, जो तिथं नव्हता, आणि त्याचे बूट काळेच होते. खरा माणूस दिसलं ते सांगतो. ज्याला लपवायचं असतं तो दिसायला हवं होतं ते सांगतो."

"एवढ्यावर त्याला धरता येणार नाही. म्हणेल, घाईत नीट दिसलं नाही."

"म्हणूनच त्याला अजून धरू नका," बाई म्हणाल्या आणि फोन काढला.

५

नदीपलीकडे दुसरं राज्य, दुसरं सरकार, त्याची वेगळी सवलत योजना. तिथले तपासणी अधिकारी बाईंचे विम्याच्या दिवसांतले सहकारी होते.

"सध्या कुणाच्या सिनेमात रेल्वे स्टेशन आहे का हो?" बाईंनी विचारलं.

"तुम्हाला कसं कळलं? आजच दुपारी पाहायला बोलावलंय. नवा कोरा सेट उभारलाय म्हणे, आमच्याकडच्या सुतारांकडून."

"मला आमंत्रण द्या," बाई म्हणाल्या. "आणि सही करायची घाई करू नका."

मग त्या मेकअपच्या खोलीत गेल्या. मामा, दिग्दर्शिका, मास्तर, सगळ्यांसमोर म्हणाल्या, "पलीकडे एक स्टेशनचा सेट तयार आहे असं ऐकते. भाड्यानं मिळाला तर उरलेलं शूटिंग होऊ शकेल. चला, बघून येऊ. व्यवस्थापकसाहेब, बोलणी तुम्हालाच करायची आहेत."

होऊनजाईलच्या हातातला चहा थांबला. "मी त्या बाजूला कधी गेलोच नाही, बाई. माझी ओळख नाही तिथं."

"मग आज होईल," मामा म्हणाले. त्यांच्या आवाजात काल दुपारपासून पहिल्यांदा जीव आला होता. सगळ्यांच्या तोंडावर नाही म्हणायची सोय नव्हती.

पलीकडचा सेट एका मोठ्या गोदामात होता. हिरव्याच्या जागी विटकरी रंग, घड्याळाचा पत्ता नाही, जिन्यावर लाल गालिचा. मास्तर दारातच खिळल्यासारखे उभे राहिले. त्यांचे ओठ हलू लागले, पण बाईंनी त्यांचा दंड धरला.

तिथला निर्माता काळा गॉगल लावून पुढे आला. मास्तर अखेर बोललेच. "हे माझं आहे."

"स्टेशनं सगळी सारखीच दिसतात, मास्तर," गॉगलवाला गोड आवाजात म्हणाला. "तुमचं जळालं, ऐकून वाईट वाटलं. पण म्हणून जगातली सगळी स्टेशनं तुमची होत नाहीत. काही पुरावा?"

मास्तरांकडे पुरावा नव्हता. रंग नवा होता, बोल्टांची डोकी घासून बदलली होती. फौजदारांनी बाईंकडे पाहिलं.

"वर जाऊन बघू या," बाई म्हणाल्या. "वरून फलाट कसा दिसतो ते."

६

बाई स्वतः पहिल्या निघाल्या. अर्धा जिनाही चढल्या नव्हत्या, तोच खालच्या भागात त्या जोरात अडखळल्या आणि कठडा धरला.

मागून पलीकडचे अधिकारी आले, तेही तिथंच. फौजदारांचा बूट अडकला आणि त्यांनी शिवी गिळली. मामा अडखळले, दिग्दर्शिका अडखळली. ती सावरून पुढे चढली, आणि वरच्या वळणाच्या अलीकडे तिनं नकळत पाय उंच उचलला. तो हवेतच राहिला. तिथली पायरी सरळ होती. ती जागीच थबकली आणि तिनं हळूच मामांकडे वळून पाहिलं. मामांचा पायही तसाच अधांतरी होता.

शेवटी होऊनजाईल आला. त्याचा फोन वाजला होता, तो कानाला लावून "होऊन जाईल, होऊन जाईल" म्हणत चढत होता. नजर छताकडे. खालच्या त्या पायरीपाशी त्याचा पाय अलगद उंच उचलला गेला आणि नेमका टेकला. वळणाशी तो इतर पायऱ्यांसारखाच सरळ चढला.

वर सगळे त्याच्या पायांकडे बघत होते. त्यानं फोन बंद केला. "काय झालं?"

"मास्तर," बाई म्हणाल्या, "तुमच्या जिन्यात उंच पायरी कुठे होती?"

"वर. वळणाच्या अलीकडे."

"इथं ती खाली आहे. जिन्याचे दोन भाग जोडताना घाईत अदलाबदल झाली. जुळ्या भावांत असं होतं." त्या होऊनजाईलकडे वळल्या. "हा जिना नवा असता, तर इथं एकच पायरी मुद्दाम उंच कशाला असती? आम्ही पाहुणे खाली अडखळलो. मामा आणि त्यांची भाची खाली अडखळले आणि वर पाय उचलून बसले, कारण त्यांच्या पायांना गिरणीतला जिना ठाऊक आहे. तुमच्या पायांना मात्र इथला ठाऊक आहे. जिथं तुम्ही कधी आलाच नाहीत."

होऊनजाईलनं कठडा धरला. त्याला त्याचा तो ठरलेला शब्द आठवला नाही.

खाली गॉगलवाल्यानं गॉगल काढला. "मी याला ओळखत नाही," तो घाईनं म्हणाला. "यानंच आणून दिलं, मला वाटलं याचंच आहे."

"ओळखत नाही आणि यानंच आणून दिलं," पलीकडचे अधिकारी शांतपणे म्हणाले. "दोन्ही लिहून घेतो."

मग सगळं भराभर बाहेर आलं. गिरणीतला सेट नदीपलीकडे नवा म्हणून दाखवायचा, तिथं उभारलाच नसताना तिथली सवलत घ्यायची आणि वाटून घ्यायची. नुसता चोरला असता तर शोध झाला असता, म्हणून जाळल्याचं नाटक. जेवणाच्या पंगतीतून बर्फ आणायला म्हणून होऊनजाईल उठला होता, तो वॉचमनची दुपारची झोप साधून थेट गिरणीत शिरला होता. सकाळी वायरमन येऊन गेल्याचं त्याला माहीत होतं. त्यानंच त्याला मीटर बघायला पाठवलं होतं.

"त्याची मुलं लहान आहेत, हे ठाऊक होतं तुला?" मामांनी विचारलं. ते ओरडले नाहीत.

७

वायरमनला त्याच संध्याकाळी फौजदारांनी स्वतःच्या गाडीतून घरी नेलं. गल्लीच्या तोंडाशी न थांबता अगदी दारापर्यंत नेलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "चूक आमची होती." सकाळी न बोललेली शेजारीण जेवण घेऊन आली. वायरमनच्या बायकोनं ते घेतलं, पण तिला आत बोलवायला जरा वेळ लावला.

सेटचे ट्रक दोन दिवसांनी आले. जळकी शेड पुसून काढायला सुतारांच्या बायका, रंगारी, शिंपी, कुणी न बोलावता जमले होते. पहिला ट्रक फाटकात शिरला तेव्हा लोक दुतर्फा उभे होते आणि मामा ट्रकच्या पुढे चालत होते, लग्नाच्या वरातीत चालावं तसे. मास्तर बँडेजच्या हातांनी नुसतं दाखवत होते, हे इकडे, ते तिकडे. गॉगलवाल्यानं लपवलेलं घड्याळसुद्धा गोदामाच्या माळ्यावर सापडलं होतं.

वरच्या कार्यालयातून बाईंना फोन आला. "सेट जळाला असं कळलं. म्हणजे आता योजनेचा फेरविचार—"

"सेट जळालेला नाही, साहेब," बाई म्हणाल्या. "मी त्याच्यासमोरच उभी आहे. आणि आपल्याकडचं काम इतकं चांगलं निघालं, की पलीकडच्यांनी ते चोरून नेलं. योजना चालते आहे याचा याहून मोठा दाखला मला तरी सुचत नाही."

मग साहेब म्हणाले, "मी उद्या पाहायला येतो."

संध्याकाळपर्यंत फलाट उभा राहिला. विटकरी रंगावर परत हिरवा चढला. दिग्दर्शिकेनं कॅमेऱ्यामागून सगळीकडे नजर टाकली आणि म्हणाली, "दिवे."

कुणी हललं नाही. दोन मदतनीस होते, पण ते बाजूला सरले. वायरमन मागच्या रांगेत उभा होता, त्याला वाट करून दिली गेली. तो स्विचबोर्डापाशी गेला. एकदा वायर तपासली, पुन्हा तपासली, पुन्हा एकदा. या वेळी कुणी हसलं नाही. मग त्यानं खटका दाबला.

स्टेशन उजळलं. खांब, खिडकी, घड्याळाची तबकडी, जिन्याचा कोरीव कठडा, आणि ते करणाऱ्या सगळ्या माणसांचे चेहरे. टाळ्या कुणी सुरू केल्या कळलं नाही, पण थांबायला वेळ लागला. वायरमनच्या बायकोनं पदरानं डोळे पुसले. मामांनी भाचीच्या डोक्यावर हात ठेवला आणि मोठ्यानं नाक शिंकरलं.

बाई फलाटाच्या मधोमध उभ्या राहून सगळं डोळे भरून पाहत होत्या.

वायरमननं घसा खाकरला. "बाई, राग मानू नका," तो म्हणाला, "पण तुमची सावली पडतेय."

बाई हसल्या आणि बाजूला झाल्या. शूटिंग सुरू झालं.